टेंडर नको? मग हिशेबाची वही उघडा

मे 2025मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’चे चार दिवस चालू असताना नागपुरात बोलायला दोनच विषय होते. आपल्या शहरालगत तयार झालेलं ‘नागास्त्र’, म्हणजे लक्ष्यावर जाऊन आदळणारं ड्रोन, तिकडे वापरलं गेल्याची बातमी, आणि संरक्षण कंपन्यांचे शेअर कुठवर चढले याची खबर. अभिमान आणि भाव, दोन्ही एकाच मोबाइलवर, एकाच अंगठ्याने वर सरकवले जात होते. त्यात वावगं काही नाही. ज्या गावात माल बनतो त्या गावाला त्याचं कौतुक असणारच, आणि शेअर घेणं हा काही गुन्हा नाही. पण या दोन्हींच्या मधोमध एक प्रश्न पडून होता आणि तो कुणी उचलत नव्हतं: लढाईच्या घाईत जो माल स्पर्धेविना घेतला जातो त्याचा भाव ठरवतं कोण, आणि त्यात किती नफा झाला तर तो रास्त म्हणायचा?

हा प्रश्न दिल्लीवर ढकलून मोकळं होण्याची सोय नागपूरला नाही. अंबाझरीला आयुध निर्माणी आहे, ‘यंत्र इंडिया’ या सरकारी शस्त्रास्त्र कंपनीचं मुख्यालय तिथेच आहे. एका बाजूला भंडाऱ्याची निर्माणी, दुसऱ्या बाजूला चंद्रपूरची. अमरावती रोडवर बाजारगावला खासगी स्फोटकांचा मोठा कारखाना. वायुसेनानगरात हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं ठाणं, कामठीला छावणी, आणि देशभरातल्या स्फोटकांना परवाने देणाऱ्या ‘पेसो’चं मुख्यालय सेमिनरी हिल्सवर. दारूगोळा हा या भागाचा रोजगार आहे. हिंगणा एमआयडीसीत कितीतरी लेथ केवळ या कामावर फिरतात.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. टेंडरशिवाय शस्त्रं घ्यावी लागतात, आणि वेळ आली तर खुशाल घ्यावीत. मात्र ज्याला स्पर्धेविना सरकारी काम मिळालं, त्याने आपल्या खर्चाची वही सरकारपुढे उघडली पाहिजे, ठरावीक काळाने ती लोकांपुढेही आली पाहिजे, आणि जास्तीचा नफा निघाला तर तो परत केला पाहिजे. हे मान्य नसेल त्याने रांगेत उभं राहून टेंडर भरावं.

आता टेंडरविषयी. आपल्याकडे टेंडर हा शब्द उच्चारला की पावित्र्याचा वास येतो, जणू निविदा निघाली म्हणजे व्यवहार गंगेत न्हाला. ज्याने एखाद्या सोसायटीच्या, शाळेच्या नाहीतर पतसंस्थेच्या कार्यकारिणीत वर्षभर काढलं आहे त्याला ‘तीन कोटेशन’ कशी येतात हे ठाऊक असतं. तीन लेटरहेड, तीन शिक्के, आणि तिन्हींवर एकाच माणसाचं अक्षर. मोठ्या खरेदीत हेच काम जरा सुबक होतं. अटी अशा लिहायच्या की त्यात एकच कंपनी बसेल, बाकीच्या तांत्रिक छाननीत गळतील, आणि कागदोपत्री स्पर्धा झालेली दिसेल. तेव्हा टेंडर निघालं एवढ्यावर मी कुणालाही प्रामाणिक म्हणणार नाही, आणि टेंडर निघालं नाही एवढ्यावर चोरही.

शस्त्रांच्या बाजारात तर अडचण मुळातलीच आहे. घेणारा एकच, सरकार. देणारेही पुष्कळदा एकच. एखाद्या तोफेचा सुटा भाग मूळ कंपनीच बनवते, मग ‘हा माल दुसरीकडे मिळत नाही’ असं प्रमाणपत्र जोडून थेट ऑर्डर जाते. सरकारी खरेदीच्या नियमांत याला रीतसर जागा आहे. त्याखेरीज आणीबाणीची खरेदी असते. उरीनंतर, बालाकोटनंतर, गलवाननंतर सेनादलांना तसे अधिकार दिले गेले. जुलै 2020मध्ये 300 कोटींपर्यंतची तातडीची खरेदी करण्याची मुभा मिळाली. मला हे सगळं समजतं. रात्री दोन वाजता मेडिकल चौकातल्या दुकानात इंजेक्शन घ्यायला धावलेला माणूस चार दुकानांत भाव करत बसत नाही. पण तोही बिल घेतो, छापील किंमत बघतो, आणि दुकानदाराने जास्त लावले असतील तर दुसऱ्या दिवशी जाऊन भांडतो. आपल्या संरक्षण खरेदीत हा दुसरा दिवसच उगवत नाही.

कारगिल आठवा. ‘जे आहे त्यानिशी लढू,’ असं तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल वेदप्रकाश मलिक म्हणाले होते, ते घरोघरी पोचलं. त्यांनीच डिसेंबर 2019मध्ये चंदीगडच्या एका जाहीर कार्यक्रमात सांगितलेलं मात्र फारसं कुणाच्या लक्षात नाही. लढाईच्या काळात बाहेरच्या देशांनी आपल्याला जमेल तेवढं नाडलं, असं ते म्हणाले. उपग्रहाच्या एकेका छायाचित्राला 36,000 रुपये मोजले आणि हातात पडली ती तीन वर्षं जुनी चित्रं. खंदकात जवान, आणि नकाशा शिळा. एका देशाने तोफा देतो म्हणून सांगितलं आणि डागडुजी केलेला जुना माल पाठवला. युद्धातली नफेखोरी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे अमेरिका आणि इराक येतं. प्रत्यक्षात 1999मध्ये गिऱ्हाईक म्हणून आपणच नाडले गेलो होतो.

त्याच लढाईतलं दुसरं प्रकरण शवपेट्यांचं. शहीद जवानांसाठी ॲल्युमिनियमच्या 500 पेट्या एका अमेरिकी कंपनीकडून घेतल्या, दर पेटीमागे 2,500 डॉलर. 2001च्या अखेरीस सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापालांच्या अहवालात हे आलं आणि देशभर संताप उसळला. त्याच अहवालात आणखी एक गोष्ट होती, जिच्यावर मोर्चे निघाले नाहीत: लढाईसाठी म्हणून घाईघाईने मागवलेला बहुतांश माल लढाई संपल्यावर येऊन पोचला. ज्या घाईच्या नावाखाली नियम बाजूला ठेवले ती घाई कागदावरच राहिली. पुढे शवपेट्यांचा खटला चालला आणि डिसेंबर 2013मध्ये विशेष न्यायालयाने पुराव्याअभावी आरोपींना मोकळं केलं.

माझ्या मते खरी गोम इथे आहे. न्यायालयासमोरचा प्रश्न होता, कट झाला का, पैसे खाल्ले का? पुरावा नाही म्हटल्यावर विषय संपला. पण पेटीची रास्त किंमत काय होती, ती जास्त दिली गेली असेल तर फरक परत कसा आणायचा, हे ठरवण्याचं दालनच आपल्या व्यवस्थेत नाही. आपल्याकडे दोनच खाती आहेत, ‘भ्रष्टाचार’ आणि ‘क्लीन चिट’. युद्धातला अवाजवी नफा यातल्या कुठल्याच खात्यात नीट बसत नाही, कारण तो कमवायला लाच द्यावी लागतेच असं नाही. घेणारा अडलेला आहे, देणारा एकटा आहे, एवढं पुरतं. सही करणारा अधिकारी स्वच्छ असू शकतो, मंत्री स्वच्छ असू शकतो, आणि तरीही तिजोरीला भोक पडू शकतं. आपण वर्षानुवर्षं दलाल शोधत राहतो आणि नफा शेजारून निघून जातो.

हे काही आजचं नाही, आणि विदर्भाने तर याची फार मोठी किंमत मोजलेली आहे. एकोणिसाव्या शतकात निजामाच्या खर्चाने पण इंग्रजांच्या तंत्राने चालणारी एक फौज उभी राहिली, तीच हैदराबाद कंटिन्जंट. तिच्यावर किती खर्च करायचा हे निजामाच्या हातात नव्हतं. दिवाण चंदूलाल पगारासाठी कर्ज काढत गेला, आणि ते कर्ज पुरवायची मक्तेदारी विल्यम पामरच्या पेढीला. कंपनी सरकारच्या खास परवानगीने ही पेढी जबर व्याज लावत होती. पेढीचा एक भागीदार गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जच्या घरातल्या मानलेल्या मुलीचा नवरा होता. 1820 साली चार्ल्स मेटकाफ रेसिडेंट म्हणून आला आणि त्याने हा हिशेब उकरून काढला, तेव्हा खुद्द गव्हर्नर जनरलची त्याच्यावर खप्पामर्जी झाली. पेढी पुढे बुडाली. पण फौज राहिली, फौजेची थकबाकी राहिली, आणि 1853 साली त्या थकबाकीपोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. अमरावती, अकोला, यवतमाळ हा सगळा मुलूख एका लष्करी खर्चाच्या बिलात वळता झाला. ज्याच्या खर्चाने फौज पोसली जायची त्याला दर विचारायची सोय नव्हती, ही या गोष्टीची मेख.

आणि बंगाल. 1943च्या दुष्काळाची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल 1945मध्ये आला. युद्धकाळातल्या तांदळाच्या व्यापारात 150 कोटी रुपयांचा अवास्तव नफा झाला आणि 15 लाख माणसं मेली, असा आयोगाचा अंदाज. सरकारी अहवालाने भागाकारही करून ठेवला आहे: प्रत्येक मृत्यूमागे साधारण हजार रुपये. मृतांचा आकडा आयोगाने कमीच धरला, असं पुढच्या अभ्यासकांचं म्हणणं आहे. म्हणजे प्रत्येक माणसामागचा दर हजाराहूनही खाली येतो. विशेष म्हणजे याच काळात, 1940पासून, हिंदुस्थानात जादा नफ्यावरचा कर लागू होता. आधी 50 टक्के, मग दोन तृतीयांश. युद्धामुळे मिळालेला नफा हा एरवीच्या कमाईसारखा नाही, एवढं परक्या सरकारलाही कळत होतं. वसुली कशी झाली हा भाग वेगळा.

इथे कुणी म्हणेल, खासगीवाले नफेखोर, म्हणून तर सरकारी निर्माण्या हव्यात. मी अर्धाच सहमत आहे. आयुध निर्माण्यांना वर्षानुवर्षं सैन्याच्या मागण्या थेट मिळत होत्या. स्पर्धा नाही, टेंडर नाही. 2017च्या महालेखापालांच्या अहवालात 152 प्रकारच्या दारूगोळ्यांपैकी 61 प्रकार दहा दिवसांच्या लढाईलाही पुरणार नाहीत, असं लिहिलं होतं, आणि पुरवठ्यातल्या तुटीचं खापर बऱ्याच अंशी निर्माण्यांवर फुटलं. सरकारी मक्तेदारीत नफा खिशात जात नाही हे खरं, पण तो ढिलाईत मुरतो. ऑक्टोबर 2021मध्ये 41 निर्माण्यांच्या सात कंपन्या झाल्या. तेव्हा कामगार संघटनांनी विरोध केला आणि सरकारने संपबंदीचा कायदा आणला, तो वाद अंबाझरीच्या गेटवर आपण सगळ्यांनी पाहिला. त्या वादात एक मुद्दा हरवला. जुन्या निर्माणीचा खर्च, भलाबुरा कसाही असो, महालेखापालांना आतून तपासता येत होता. खासगी पुरवठादाराच्या बाबतीत ते खरेदी करणाऱ्या खात्याची फाइल बघतात. माल बनवायला खरोखर किती लागले, हे कंपनीच्या भिंतीआड राहतं. आपण मक्तेदारी मोडली, चांगलं केलं, पण खासगीकडे गेलेल्या कामापुरती ही खिडकीही बंद केली.

खासगी कारखान्यांनी काही गोष्टी फार चांगल्या केल्या, हेही सांगितलं पाहिजे, आणि त्यातली एक नागपूरचीच आहे. आपल्या जवानांच्या हातात महायुद्धांच्या काळातल्या घडणीचा 36 नंबरचा हातगोळा कितीतरी दशकं होता. ऑक्टोबर 2020मध्ये संरक्षण मंत्रालयाने नव्या पद्धतीच्या दहा लाख हातगोळ्यांचं कंत्राट नागपूरच्या इकॉनॉमिक एक्सप्लोझिव्हज या कंपनीशी केलं, रक्कम 409 कोटी. दोन्ही आकडे सरकारनेच जाहीर केले. त्यामुळे तुम्ही-आम्ही घरबसल्या भागाकार करू शकतो: एका हातगोळ्याला साधारण 4,090 रुपये. तो स्वस्त की महाग, यावर जाणकार वाद घालू शकतात. वाद घालता येतो, हेच मला हवं आहे. आणि हा दर कळल्यामुळे शत्रूचं काय साधलं? काहीही नाही.

याच्या शेजारी जून 2025चं पत्रक ठेवून बघा. दहशतवादविरोधी कारवायांसाठी तातडीच्या खरेदीची 13 कंत्राटं, एकूण 1,981.90 कोटी. ड्रोन, ड्रोनविरोधी यंत्रणा, रडार, बुलेटप्रूफ जाकिटं, हेल्मेट, रात्री नेम धरण्यासाठी रायफलींवर लावायच्या दुर्बिणी अशी वस्तूंची यादी आहे. बेरीज कोटींच्या दोन दशांशांपर्यंत अचूक. पण कोणाकडून किती नग, कोणत्या दराने, ही फोड नाही. क्षेपणास्त्राचं मी समजू शकतो. हेल्मेटच्या किमतीत कसलं गुपित?

राफेल लढाऊ विमानांच्या वादात हाच प्रकार मोठ्या पडद्यावर दिसला. मिहानमध्ये राफेल बनवणारी दसॉ आणि रिलायन्स यांच्या कारखान्याची कोनशिला बसल्याने तो विषय नागपूरच्या अंगणातला झाला होता. सर्वोच्च न्यायालयाने व्यवहाराच्या चौकशीची मागणी करणाऱ्या याचिका डिसेंबर 2018मध्ये फेटाळल्या, नोव्हेंबर 2019मध्ये फेरविचारही नाकारला. तो निकाल मी मानतो. पण फेब्रुवारी 2019च्या महालेखापालांच्या अहवालात काय होतं ते पाहा. 36 विमानांचा व्यवहार आधीच्या प्रस्तावापेक्षा 2.86 टक्के स्वस्त पडला, असं छापलं आहे, आणि मूळ रकमा झाकलेल्या आहेत. टक्के कळले, कशाचे ते कळलं नाही. व्यवहार स्वच्छ असेल तर या झाकण्याने सर्वांत मोठं नुकसान त्या स्वच्छ व्यवहाराचंच झालं. समर्थकांच्या हातात पुरावा नाही, विरोधकांच्याही नाही. दोघांकडे घोषणा तेवढ्या उरल्या.

गुप्ततेचा फटका शेवटी सैन्यालाच बसतो, याचं बोफोर्सइतकं जळजळीत उदाहरण नाही. मार्च 1986मध्ये 410 तोफांचा 1,437 कोटींचा करार झाला, वर्षभराने स्वीडिश रेडिओने दलालीची बातमी फोडली, 64 कोटींचा आकडा घरोघर झाला. तोफ उत्तम होती. कारगिलच्या लढाईत द्रासला तिनेच कामगिरी केली. पण त्या दलालीच्या धुरळ्यात कंपनी काळ्या यादीत गेली, आणि पैसे मोजून मिळवलेले तिचे तंत्रज्ञानाचे आराखडे कपाटात पडून राहिले. ते बाहेर काढून जबलपूरच्या निर्माणीने ‘धनुष’ तोफ सैन्याच्या हाती दिली ती 2019मध्ये. दिल्लीतल्या अधिकाऱ्यांच्या दोन पिढ्या मोठ्या तोफेच्या फाइलवर सही करायला घाबरत होत्या. आज जे म्हणतात की पारदर्शकतेने खरेदी रखडते, त्यांनी ही तीस वर्षं मोजावीत. खरेदी रखडली ती झाकलेलं उघडं पडल्यामुळे.

मग करायचं काय? यातलं काही नव्याने शोधावं लागत नाही. 1964मध्ये ब्रिटनमध्ये फेरांटी कंपनीचं प्रकरण निघालं. ब्लडहाउंड क्षेपणास्त्राचं कंत्राट स्पर्धेविना, ठरीव रकमेत दिलेलं. तिथल्या लेखापरीक्षकांनी प्रत्यक्ष खर्च पाहिला तेव्हा लक्षात आलं की दर ठरवताना मजुरीचा अंदाज फुगलेला होता, त्यावर वरखर्च चढला, आणि नफा भलताच मोठा झाला. लाच कुणी घेतली नव्हती. कुणी तुरुंगात गेलं नाही. कंपनीने साडेबेचाळीस लाख पौंड परत केले. 1968मध्ये अशा कंत्राटांचे दर तपासणारं मंडळ नेमलं गेलं, आणि 2014च्या कायद्याने एक स्वतंत्र कार्यालयच उभं राहिलं. स्पर्धेविना दिलेल्या संरक्षण कंत्राटांत नफ्याचा मूळ दर किती धरायचा, याची शिफारस ते दरवर्षी सरकारला करतं. पुरवठादाराला खर्चाची विवरणं द्यावी लागतात.

अमेरिकेने तर 1942मध्ये, ऐन महायुद्धात, कायदा केला: आधी माल द्या, भाव नंतर पुन्हा तपासू, आणि जास्त घेतलेलं परत घेऊ. ती व्यवस्था या ना त्या रूपात 1970च्या दशकापर्यंत टिकली. ती मोडल्यावर काय झालं याची कथा सर्वांना ठाऊक आहे. 2003मध्ये इराकच्या तेलविहिरींच्या दुरुस्तीचं काम हॅलिबर्टनच्या केबीआर कंपनीला टेंडरशिवाय गेलं, आणि ज्या बनॅटिन ग्रीनहाउस या वरिष्ठ अधिकारी बाईंनी आक्षेप घेतला त्यांचीच 2005मध्ये पदावनती झाली. 2011मध्ये सरकारने त्यांना 9 लाख 70 हजार डॉलर देऊन तडजोड केली. त्याच वर्षी तिथल्या आयोगाने इराक-अफगाणिस्तानातल्या कंत्राटांत 31 ते 60 अब्ज डॉलर वाया गेले किंवा लुबाडले गेले, असा निष्कर्ष काढला. सुट्या भागांचं उदाहरण आणखी बोलकं आहे. ट्रान्सडाइम कंपनीने अर्ध्या इंचाची एक पिन 4,361 डॉलरला विकली, जिची रास्त किंमत 46 डॉलर निघाली. 2019मध्ये हे उघड झाल्यावर कंपनीने एक कोटी 61 लाख डॉलर परत दिले. तो भाग ती एकटीच बनवत होती. कायद्याने तो दर बेकायदा नव्हता.

ती पिन वाचून मला हिंगण्याच्या शेडमधली माणसं आठवतात. तिथे जॉबवर्क करणाऱ्या एका ओळखीच्या कारखानदाराकडे बसलं की कळतं, स्पर्धा म्हणजे काय चीज आहे. ऑनलाइन लिलावात दर पैशापैशाने खाली येतो. एल-वन, म्हणजे सर्वांत कमी दराचा, होण्यासाठी तो स्वतःचा नफा आधी सोडतो, मग मशीनचा घसारा. बयाणा भरलेला, बँक गॅरंटी अडकलेली. माल तयार झाला की गेज लावून तपासणी, आणि काही नग गेजमध्ये अडले की अख्खा लॉट परत. बिल कधी निघेल ते देव जाणे. ‘दादा, आमच्या पिनचा हिशेब त्यांना चार दशांशांपर्यंत पाहिजे,’ असं तो हसत म्हणतो. साखळीच्या तळाशी इतकी कडक स्पर्धा, आणि वर, जिथे शेकड्याने कोटी फिरतात तिथे, ‘तातडी’ या एका शब्दावर वही बंद. हा न्याय मला पटत नाही.

नफ्याच्या चर्चेत आणखी एक रकाना असायला हवा. डिसेंबर 2023मध्ये बाजारगावच्या सोलर इंडस्ट्रीजच्या कारखान्यात स्फोट झाला, नऊ जण गेले, त्यात सहा बाया होत्या. 24 जानेवारी 2025ला भंडाऱ्याच्या निर्माणीत स्फोट होऊन किमान आठ जीव गेले. एक खासगी, एक सरकारी. हे अपघात नफ्यामुळे किंवा घाईमुळे झाले, असा आरोप मी करत नाही; ते ठरवायला चौकशा आहेत. पण स्फोटकं भरणाऱ्या बाईच्या हाती पडणारी मजुरी, तिच्या प्रशिक्षणाचा, अंतर राखून बांधलेल्या खोल्यांचा, बदललेल्या यंत्रांचा खर्च, हे सगळं त्या वहीतच लिहिलेलं असतं. वही उघडली तर जास्तीचा नफा दिसेल तसा कमी केलेला खर्चही दिसेल. एखाद्या कंत्राटात दर चढा आणि सुरक्षेवरचा खर्च मात्र आटलेला निघाला, तर तो प्रश्न तिजोरीपुरता राहत नाही.

आक्षेप मला माहीत आहेत. पहिला, शत्रूला माहिती मिळेल. दोन किंवा तीन वर्षांनी जाहीर झालेल्या हेल्मेटच्या दरातून शत्रूला काही मिळत नाही. आणि ज्या मोजक्या गोष्टी खरोखर गुप्त आहेत त्यांचा हिशेब बंद दाराआड तपासावा, पण तपासावा. दुसरा, खासगी कंपनी आपला हिशेब का दाखवेल? एप्रिल 2014मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगी टेलिफोन कंपन्यांचे महसुली हिशेब तपासण्याचा महालेखापालांचा अधिकार मान्य केला, कारण त्यात सरकारचा वाटा होता. जिथे आख्खं बिलच सरकार भरतं तिथे हा अधिकार कमी कसा पडेल? तिसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो: नफ्यावर टाच आली तर संशोधनात पैसा कोण घालेल? खरं आहे. नवीन शस्त्र बनवणाऱ्याने जोखीम घेतलेली असते, चार प्रयोग फसलेले असतात. म्हणून नफ्याचा दर कंजुषीने ठरवू नये. स्वतःच्या पैशाने संशोधन केलेल्याला तो भरघोस मिळावा, आणि डीआरडीओ या सरकारी संशोधन संस्थेचं तयार तंत्रज्ञान उचलून माल बनवणाऱ्याला बेताचा. हा फरक करायलाही आधी वही उघडावी लागते.

आणि नागपुरात हमखास ऐकू येणारा चौथा आक्षेप: आपल्या भागात आलेलं काम तुम्ही का घालवता? 2025-26च्या अर्थसंकल्पात देशी उद्योगांकडून शस्त्रखरेदीसाठी 1 लाख 11 हजार कोटींहून अधिक रक्कम राखून ठेवली होती. अशा खरेदीतला वाटा अंबाझरी, बाजारगाव, बुटीबोरीकडे येत राहावा, असं मलाही वाटतं. पण संशयाच्या भोवऱ्यात सापडलेल्या कंत्राटाचं काय होतं, ते बोफोर्सच्या कपाटातल्या आराखड्यांनी दाखवलं आहे. काम थांबतं तेव्हा आधी हिंगण्याची लेथ थांबते.

सुरुवात लहान करता येईल आणि त्यासाठी कायदा होण्याची वाट पाहायची गरज नाही. 2020पासूनच्या तातडीच्या खरेदीची यादी, वस्तू, पुरवठादार, नग, दर आणि माल प्रत्यक्ष कधी पोचला याच्या तारखेसह, संसदेची लोकलेखा समिती मागवू शकते. माहितीच्या अधिकारात विचारलं तर खातं कलम 8(1)मधली सुरक्षेची आणि व्यापारी गुपिताची पोटकलमं पुढे करेल. पण त्याच कलमाचा दुसरा भाग सांगतो की लोकहित मोठं असेल तर माहिती देता येते. नागपूर आणि रामटेकच्या खासदारांना मतं मागायला अंबाझरीच्या वसाहतीत आणि बाजारगावच्या रस्त्याला यावं लागतं. पुढच्या वेळी ते आले की आधी माल पोचल्याच्या तारखा विचाराव्यात, दरांचं नंतर बघू. तारखांमध्ये गुपित असं काहीच नसतं, आणि ‘तातडीची’ खरेदी किती महिन्यांनी पोचली हे कळलं की पुढचे प्रश्न आपोआप सुचतील.